पायताणाचा रकाना

निपाणीत माझ्या भावाचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे आणि त्या दुकानाचा हिशेब मी दर रविवारी रात्री, जेवणे आटोपल्यावर, लिहिते. बेळगावच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षे व्याकरण शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा शब्दांच्या जातींशी असलेला आपला संबंध आता संपला असे मला वाटले होते. २०२३ च्या दिवाळीआधी एका रविवारी ऑनलाइन विक्रीचे पैसे अपेक्षेपेक्षा कमी जमा झाले आणि तो संबंध पुन्हा जुळला.

कमी म्हणजे फार नव्हते. वीस-बावीस जोड गेले होते आणि हजार-अकराशे रुपयांचा मेळ लागत नव्हता. एखादा परत आलेला जोड नोंदवायचा राहिला असेल, असे म्हणून मी वही मिटली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाले. तिसऱ्या रविवारी मी भाच्याला शेजारी बसवून प्रत्येक विक्रीची पावती उघडायला लावली. बेळगावात अभियांत्रिकी शिकलेला हा मुलगा. २०२० च्या टाळेबंदीत दुकानाला कुलूप लागले, तेव्हा त्यानेच घरात बसून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर आमचे खाते काढले होते. पावत्या वर-खाली करता करता तो थांबला आणि म्हणाला, "आत्ती, कॅटेगरी बदललीया." आमच्या अकरा नमुन्यांपैकी सगळेच्या सगळे एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवले गेले होते. पत्र नाही, फोन नाही. फीच्या तक्त्यात उजवीकडे सरकत गेल्यावर एका बारीक स्तंभात नवे नाव आणि त्याच्यापुढे नवी टक्केवारी, एवढीच त्याची खूण होती.

आधी ज्याला आमच्याकडे पायताण म्हणतात त्या वस्तूविषयी थोडे सांगायला हवे. दुकानात येणारे गिऱ्हाईक 'चप्पल दाखवा' असे क्वचितच म्हणते. ते कापशी मागते, कुरुंदवाडी मागते, पुकरी मागते, बक्कलनाळी मागते. कापशी हे नाव ज्या गावावरून पडले ते सेनापती कापशी निपाणीहून फार दूर नाही. तळ किती पदरी आहे, कान किती रुंद आहेत, वेणी कशी घातली आहे, अंगठा शिवलेला आहे की नुसता ओवलेला आहे, चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले आहे की रसायनात, यावर किंमत ठरते आणि नावही ठरते. आमचा बराच माल अथणी आणि मदभावी भागातल्या घरांतून येतो. तिथे पुरुष तळ कापतात आणि बायका वेणी घालतात. एका बैठकीत एकाच वस्तूसाठी डझनभर नेमके शब्द वापरणारी ही माणसे आहेत. त्यांनी केलेला जोड बाजारपेठेच्या यादीत घालायचा, तर भाच्यापुढे पर्याय होते चार: सँडल, स्लिपर, फ्लिपफ्लॉप आणि 'एथनिक फुटवेअर'. त्याने शेवटचा निवडला होता. मोजडी आणि जुती यांच्या शेजारी आमची कापशी तीन वर्षे सुखाने नांदत होती.

आता ती सँडलमध्ये गेली होती.

आमच्या वहीतल्या एका जोडाचा हिशेब मांडते, म्हणजे रकाना बदलण्याचा अर्थ कळेल. जोडाची विक्रीची किंमत ८९९ रुपये. त्या वेळी हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के जीएसटी होता, म्हणजे या रकमेतले सुमारे ९६ रुपये मुळातच सरकारचे. जुन्या रकान्यात कमिशन १० टक्के होते, म्हणजे ८९ रुपये ९० पैसे. नव्या रकान्यात ते १५ टक्के झाले, म्हणजे १३४ रुपये ८५ पैसे. यात एक गोम आहे आणि ती नव्या विक्रेत्यांच्या सहसा लक्षात येत नाही: कमिशन करासह असलेल्या पूर्ण किमतीवर आकारले जाते, म्हणजे सरकारच्या ९६ रुपयांवरही बाजारपेठ आपली टक्केवारी घेते. त्यानंतर प्रत्येक जोडामागची ठरावीक फी, मग वाहतूक आणि या सगळ्या सेवांवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. हा शेवटचा कर आमच्यासारख्या नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला पुढे वजावट म्हणून मिळतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणाऱ्या, छोट्या दुकानदाराला तो मिळत नाही, त्याच्या खिशातूनच जातो. वजावट धरूनही आमचा फरक जोडामागे ४५ रुपयांचा होता. चामडे, मजुरी, डबा आणि परत आलेल्या मालाचे नुकसान वजा जाता एका जोडामागे भावाच्या हाती राहत होते नव्वदच्या आसपास. कोणीतरी एक शब्द बदलला होता आणि निम्मा नफा गेला होता.

मला प्रथम राग आला तो 'कोणीतरी' या शब्दाचा, कारण तिथे कोणी नव्हते. भाच्याने शोध घेतला तेव्हा कळले, की लाखो वस्तू तपासायला माणसे बसवणे शक्य नसल्यामुळे हे काम संगणकाची प्रणाली करते. ती वस्तूचे शीर्षक वाचते, वर्णन वाचते, छायाचित्र पाहते आणि आपल्या मते योग्य त्या वर्गात टाकते. मग आमच्या शीर्षकात असे काय होते? मी ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. 'अस्सल कोल्हापुरी लेदर सँडल चप्पल पुरुषांसाठी स्टायलिश फॅशन कॅज्युअल'. मी भाच्याकडे पाहिले. तो ओशाळला. लोक शोधताना 'लेदर सँडल' असेच टाइप करतात, म्हणून त्याने उन्हाळ्यात सगळ्या नमुन्यांच्या नावांत हे शब्द घातले होते आणि त्याने विक्री वाढलीही होती. गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी घातलेला शब्द प्रणालीने मनावर घेतला होता. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर आम्ही जे विशेषण म्हणून वापरले ते तिने नाम म्हणून वाचले. निबंधात विशेषणांची खैरात करणाऱ्या कितीतरी पोरांच्या वह्या मी लाल केल्या आहेत. घरच्याच वहीकडे मात्र माझे लक्ष गेले नव्हते.

म्हणून चूक सर्वस्वी बाजारपेठेची होती असे मी म्हणणार नाही. पण ती दुरुस्त करून घ्यायला गेलो, तेव्हा जे झाले त्याने माझी झोप उडवली. आम्ही तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, दोन दिवसांनी उत्तर आले की वर्गीकरण योग्य आहे. आम्ही छायाचित्रे पाठवली. उत्तर आले, उत्पादकाची पुस्तिका पाठवा. मदभावीच्या ओसरीवर बसून वेणी घालणाऱ्या बाईकडे पुस्तिका कुठली असणार? मी स्वतः दोन पानांचे निवेदन लिहिले. त्यात सँडल आणि कोल्हापुरी यांतला फरक सांगितला, तळ, कान, वेणी सगळे समजावले. मला ते निवेदन आजही बरे वाटते. त्याचे उत्तर पंचवीस मिनिटांत आले आणि ते पहिल्या उत्तरासारखेच, शब्दशः होते. सहा आठवड्यांनी, आम्ही नाद सोडल्यावर, अकरापैकी चार नमुने आपोआप जुन्या रकान्यात परतले. त्यांत एक कापशी होती. तिची जुळी, फक्त गडद तपकिरी रंगाची, सँडलमध्येच राहिली. का, ते विचारायला जागा नव्हती.

तेव्हा मला वडिलांची एक गोष्ट आठवली. ते कोल्हापूरला माल घेऊन जायचे त्या काळची, म्हणजे राज्याच्या सीमांवर विक्रीकराचे नाके होते तेव्हाची. एका नाक्यावरच्या कारकुनाने त्यांची गाठोडी पाहून पावतीवर 'चामडी सामान' असे लिहिले. त्या नोंदीने कर जास्त बसत होता. वडील म्हणाले, हे सामान नव्हे, पायताणे आहेत. कारकून म्हणाला, चामड्याचे आहे ना, मग चामडी सामान. वडिलांनी वाद घातला नाही. टेबलाखाली बोट दाखवून ते इतकेच म्हणाले, "साहेब, तुमच्या पायात काय आहे?" कारकुनाच्या पायात कुरुंदवाडी होती. तो हसला आणि त्याने खाडाखोड करून पावती दुरुस्त केली. ही गोष्ट वडील शंभर वेळा सांगत आणि दर वेळी कारकून थोडा अधिक हसत असे, त्यामुळे तिच्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले. नाके गेल्याचे मला दुःख नाही. तिथे किती वेळ आणि किती चिरीमिरी गेली ते घराने पाहिले आहे. पण चुकीचे नाव लिहिणाऱ्याला पाय होते, एवढे खरे.

सरकारी वर्गीकरण शहाणे असते असा याचा अर्थ नाही. ज्या प्रश्नावर दोन माणसे चहाच्या टपरीवर हसतील, त्यावर आपल्या देशात वर्षानुवर्षे खटले चालले आहेत. २०२० मध्ये कर्नाटकाच्या जीएसटी अग्रिम निर्णय प्राधिकरणाने ठरवले, की बंद पाकिटातला मलबार परोटा म्हणजे रोटी नव्हे, म्हणून त्यावर रोटीचा ५ टक्के दर न लागता १८ टक्के लागेल. देशभर त्याची चेष्टा झाली. त्याहून मला उद्बोधक वाटतो तो खोबरेल तेलाचा खटला. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेल की केसांचे तेल? खाद्यतेल म्हटले तर कर कमी, केशतेल म्हटले तर जास्त. करखात्याचे म्हणणे असे, की इतक्या लहान बाटलीतले तेल कोणी फोडणीला घेत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की बाटलीचा आकार निर्णायक नाही. खाद्यतेलाच्या निकषांत बसणाऱ्या तेलावर केशतेल म्हणून लेबल लावून ते विकले जात नसेल, तर ते खाद्यतेलच. आणि मग गंमत अशी, की २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलाचाही दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ज्या फरकासाठी इतकी वर्षे भांडण झाले तो फरकच उरला नाही. त्याच दिवशी पाकिटातली रोटी आणि परोटा दोन्ही करमुक्त झाले. आमच्यापुरते म्हणाल, तर अडीच हजार रुपयांपर्यंतचा जोड त्या दिवसापासून ५ टक्क्यांत आला.

तेलाचा निकाल उशिरा लागला, पण त्यात एक गोष्ट होती: प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आपल्या सहीने कारण लिहिले होते. ते कारण चुकीचे असेल, वरचे न्यायालय ते खोडून काढील, पण खोडायला काही तरी कागदावर होते. माझ्या दोन पानी निवेदनाला जे उत्तर आले त्यात कारण नव्हतेच, त्यामुळे त्याचे खंडनही करता येत नव्हते. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. एकाच वर्गातल्या वस्तूंना किंवा विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल, तर बाजारपेठेने तिचे वर्णन आपल्या अटींत द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. मी तो नियम तीनदा वाचला. 'एकाच वर्गातल्या' हे शब्द त्यात आहेत. वर्ग कोणी ठरवायचा हे त्या वाक्यात नाही. वाक्याचे पृथक्करण करण्याची सवय जात नाही, ती अशी.

टक्केवारी वर्गागणिक वेगळी का असते, याचे उत्तर मात्र तितकेसे गूढ नाही. मोबाइलसारख्या वस्तूत विक्रेत्याचे मार्जिन पातळ असते, किंमत मोठी असते, म्हणून तिथे टक्का लहान. कृत्रिम दागिन्यांत मार्जिन भरपूर, म्हणून तिथे टक्का मोठा. कपड्यांत आणि पादत्राणांत माप न बसल्याने माल परत येण्याचे प्रमाण मोठे, त्याचा खर्च कुठून तरी काढायचा असतो. म्हणजे वर्ग हा वस्तूच्या वर्णनाइतकाच तिच्या शेजाऱ्यांच्या वागणुकीचाही हिशेब असतो. सँडलच्या रकान्यात आमच्या पायताणाला ज्यांच्या पंक्तीला बसवले ते सगळे यंत्रावर निघालेले, हंगामागणिक बदलणारे आणि कदाचित तीनातला एक परत येणारे जोड असतील. त्यांच्या पंक्तीला बसल्यावर पत्रावळीचा खर्चही त्यांच्याबरोबरीनेच द्यावा लागतो.

याच सुमारास भाच्याला एक वाट सापडली. 'हस्तकला' या वर्गात कमिशन आणखी कमी होते. कोल्हापुरी हाताने करतात, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मग ती हस्तकला नाही असे कोण म्हणेल? मला हा युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाटला आणि म्हणूनच मी सावध झाले. दोन नमुने तिकडे घालून पाहिले. महिनाभरात त्यांतला एकही जोड खपला नाही. हस्तकलेच्या रकान्यात पायाचे माप निवडायची सोयच नव्हती. तिथे येणारे गिऱ्हाईक दिवा, मूर्ती, भिंतीवर लावायचे तोरण शोधत होते. आठवडी बाजारात भाजीच्या ओळीत जागा स्वस्त मिळाली म्हणून कोणी तिथे पायताणे मांडली, तर संध्याकाळी तो जशीच्या तशी गाठोडी बांधून घरी जाईल. ऑनलाइन बाजारातही रकाना म्हणजे एकाच वेळी दराचा तक्ता आणि बसायची जागा. शिवाय गिऱ्हाइकाला दिसणारा रकाना आणि फी ठरवणारा रकाना दर वेळी एकच असतो असेही नाही. आमचे चार नमुने दिसायला 'एथनिक'मध्ये आणि फीला सँडलमध्ये असे कित्येक दिवस होते, हे नंतर ध्यानात आले.

गोकाकच्या रंगीत लाकडी फळांचेही असेच आहे. ती खेळणी म्हणून विकायची, तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, पण ती सूट फॉर्मवर सिद्ध करायची असते. शोभेची वस्तू म्हटले की ही कटकट नाही. तेच लाकडी सीताफळ पोराच्या हातात दिले तर खेळणे आणि कपाटात ठेवले तर शोभा. करदंटाला डिंकाची मिठाई म्हणावे, सुका मेवा म्हणावे की हल्लीच्या भाषेत एनर्जी बार म्हणावे, यावर गोकाककडचे विक्रेते काय ठरवतात ते त्यांचे त्यांना ठाऊक; मी फक्त खाते.

या सगळ्यात आम्ही सीमेवर राहतो, हा एक निराळाच वर्ग आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले होते, तो अहवाल अमलात आला नाही, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे मी इथे तक्रार म्हणून सांगत नाही. या विषयावर आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची माणसे आहेत. सांगते ते यासाठी, की आमच्या पावतीवर त्याचा परिणाम रोज दिसतो.

पिनकोडचा पहिला आकडा पाहा. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश चारच्या गटात आले आणि कर्नाटक, आंध्र पाचच्या. कोल्हापूरचा पिन ४१६ ने सुरू होतो, निपाणीचा ५९१ ने. टपाल वाटायला ही विभागणी उत्तम आहे. पण आमच्या बाजारपेठेच्या वाहतूक-दरांत स्थानिक, प्रादेशिक आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रदेश म्हणजे दक्षिण, पश्चिम वगैरे. त्यामुळे निपाणीहून चेन्नईला जाणारा जोड प्रादेशिक दराने जातो आणि चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाणारा राष्ट्रीय दराने. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा मी तो मोटारसायकलवरून नेऊन देतो.

ज्यांची नोंदणीच नाही त्यांची गत अधिक कठीण. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेवरून माल विकण्याची मुभा मिळाली. चांगला नियम आहे. आमच्याकडे माल घालणाऱ्या एका वयस्क कारागिराच्या सुनेने त्यासाठी मला फॉर्म भरून मागितला आणि मी उत्साहाने बसले. अट वाचली: विक्री फक्त स्वतःच्या राज्यात. म्हणजे ती बाई साडेपाचशे किलोमीटरपलीकडच्या बंगळुरूला जोड पाठवू शकते, बिदरला पाठवू शकते, मंगळूरला पाठवू शकते. कोल्हापूरला मात्र नाही. तिचे माहेर कागलचे. तिने मला शांतपणे विचारले, "मग बाई, कोल्हापुरी कोल्हापूरलाच न्यायची न्हाई व्हय?" मी तिला सांगितले, की न्यायची, पण त्यासाठी आधी पूर्ण नोंदणी करायची, दर महिन्याचे किंवा तिमाहीचे विवरण भरायचे. ती म्हणाली, राहू दे. फॉर्म अजून माझ्या खणात आहे.

एका गिऱ्हाइकाने तर आमच्या नमुन्याखाली प्रश्न विचारला होता: विक्रेत्याचा पत्ता कर्नाटकातला आहे, मग ही अस्सल कोल्हापुरी कशी? भाचा चिडून काहीतरी लिहिणार होता. मी त्याला थांबवून उत्तर लिहून दिले, की २०१९ च्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हे एकत्र आहेत आणि या आठही जिल्ह्यांत केलेली चप्पल कायद्याने कोल्हापुरीच असते. हे लिहिताना मला जाणवले, की या एका कागदाने कारागिराचा हात पाहून रकाना आखला आहे, हद्द पाहून नव्हे. आमच्या भागात असे कागद थोडे. गिऱ्हाइकाने जोड घेतला. माप एक नंबर मोठे झाले म्हणून तो परत आला, ती गोष्ट वेगळी.

गेल्या काही वर्षांत बाजारपेठांनी कमिशन शून्यावर आणल्याच्या बातम्या येतात. मीशोने २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण ठेवले. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून तीनशे रुपयांखालच्या एक कोटी वीस लाखांहून अधिक वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे कमिशनच, रद्द केली, ती १३५ वर्गांत. भावाने ती बातमी मला मोठ्या आनंदाने दाखवली. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. कमिशन शून्य म्हणजे वाहतूक, ठरावीक फी आणि जाहिरात शून्य का? आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा, हाताने शिवलेला जोड तीनशेत कोण देतो? किंमत हासुद्धा एक रकानाच आहे आणि त्याच्या रेषा वस्तूच्या रेषांहून कठोर असतात. एका रुपयाने पलीकडे गेले की वेगळा दर. त्या बातमीचा फायदा घ्यायचा तर आम्हांला रेक्झिनचे पट्टे आणि रबराचे तळ विकावे लागले असते. काही दुकाने ते करतातही आणि त्यांवर कोल्हापुरी असेच लिहितात.

उरलेल्या सात नमुन्यांचे शेवटी काय केले ते सांगते. दोन आम्ही बंद केले. तीन नव्याने घातले, साध्या नावांनी: 'कोल्हापुरी चप्पल, कापशी, पुरुष, तपकिरी'. विशेषण एकच आणि तेही रंगाचे. त्यांच्या जुन्या नोंदींसोबत तीन वर्षांत जमलेले गिऱ्हाइकांचे अभिप्राय गेले, त्यामुळे पहिले दोन महिने विक्री जवळजवळ थांबली. ती हळूहळू परत आली, पण पूर्वीइतकी नाही. दोन नमुने सँडलमध्येच ठेवले आणि त्यांची किंमत चाळीस रुपयांनी वाढवली. गंमत म्हणजे त्यांतला एक बरा चालतो. ज्याला सँडल हवी होती त्याला ती मिळाली असावी.

माझ्या वहीत तेव्हापासून एक स्तंभ वाढला आहे. तारीख, नमुना, जोड, किंमत, कपात, जमा, आणि त्यांच्या आधी 'वर्ग'. दर रविवारी रक्कम लिहिण्याआधी मी भाच्याला प्रत्येक नमुन्याचा वर्ग वाचायला सांगते आणि तो हजेरी घेतल्यासारखा एकेक नाव घेत जातो. या रविवारी सगळे जागेवर होते. फक्त एक बक्कलनाळी 'महिलांची बेली' या रकान्यात सापडली. बेली म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना, म्हणून आधी आम्ही तिचे चित्र शोधून पाहिले आणि मग तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला आहे.